कुठल्या बाईचा कुठला आकडा?

गेल्या बुधवारी दुपारी एमएस्सीची एक मुलगी माझ्याकडे आली. विषय गृहविज्ञान, प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरलेले. गावातल्या बायकांना तिनं रोज नाचणी-अळिवाचा लाडू दिला होता, आणि सुरुवातीला नि तीन महिन्यांनी त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं होतं. लॅपटॉप उघडता उघडता म्हणाली, "मॅडम, टी टेस्ट लावली. सिग्निफिकंट येतच नाहीये." डोळे भरून आले होते तिचे. टी टेस्ट म्हणजे दोन सरासरींतला फरक खरा की नुसता योगायोग हे तपासायची पद्धत, आणि 'सिग्निफिकंट' म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा वाटत नाही.

मी शीट बघितली. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने, आणि दोन्हींतले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत शिस्तीत चढत गेलेले.

"हे असे ओळीनं कसे गं?"

"बघायला सोपं जावं म्हणून सॉर्ट केले, मॅडम. दोन्ही वेगवेगळे."

"मग या पहिल्या ओळीतली बाई कोण?"

ती गप्प झाली. पहिल्या ओळीत 'आधी'चा आकडा एकीचा होता आणि 'नंतर'चा बहुधा दुसऱ्याच कुणा बाईचा.

तेवीस वर्षं मी संख्याशास्त्र शिकवते आहे. दोन नमुन्यांची तुलना हा धडा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मुलं एकच विचारतात, कुठली टेस्ट लावायची? मला वाटतं, त्याच्या आधीचा प्रश्न मोठा आहे. हे आकडे आले कसे? दोन रकान्यांत वेगवेगळी माणसं आहेत, की तीच माणसं दोनदा? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हा प्रश्न न विचारताच एका मुलीच्या आधी-नंतरच्या आकड्यांवर दोन वेगळ्या गटांची टेस्ट लावून दिली होती आणि "फरक नाही" असं सांगून टाकलं होतं. तिनं ते प्रबंधात तसंच लिहिलं. चूक माझ्या लक्षात आली तोवर ती पदवी घेऊन गेलेली होती. ती गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून बुधवारी मी लॅपटॉप बंद करायला लावला आणि आलेखाचा कागद काढला. शंभर वर्षांहून जुने दहा रुग्णांचे आकडे मला पाठ आहेत, ते लिहिले. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कलामझूच्या मनोरुग्णालयात रुग्णांना झोपेची औषधं देऊन पाहिली होती, त्याचा अहवाल कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ साली छापला. औषधाशिवायच्या रात्रींपेक्षा सरासरी किती तास झोप वाढली, तो प्रत्येक आकडा. पहिल्या औषधाचे असे: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.०. दुसऱ्याचे, त्याच क्रमानं त्याच रुग्णांचे: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. सरासरी ०.७५ आणि २.३३. फरक १.५८ तास, म्हणजे दीड तासाहून जास्त झोप.

आधी तिच्या पद्धतीनं गेलो. वीस वेगळी माणसं, दहा-दहांचे दोन गट असं धरलं. फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक योगायोगानं किती हलू शकतो याचं माप, ०.८५ च्या आसपास येते. १.५८ ला या त्रुटीनं भागलं की टी १.८६. पी, म्हणजे खरा फरक नसतानाही इतका मोठा फरक योगायोगानं दिसायची शक्यता, येतो ०.०७९. तो पाच टक्क्यांच्या खाली आला तरच सिग्निफिकंट म्हणायचा रिवाज आहे, हा वरच अडकला.

मग तेच आकडे जोडीनं धरले. प्रत्येक रुग्णाची वजाबाकी: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. सरासरी तीच, १.५८. पण प्रमाण त्रुटी ०.३९ वर आली. अंश तोच, छेद निम्म्याहून कमी. टी ४.०६, पी ०.००३ च्याही खाली.

ती कॅल्क्युलेटरकडे बघतच राहिली. "मॅडम, आकडे तर बदललेच नाहीत."

नाहीच बदलले. मी तिला कागदावर दोन उभ्या रेघा मारायला लावल्या. डावीकडे पहिलं औषध, उजवीकडे दुसरं, आणि प्रत्येक रुग्णाचे दोन ठिपके पट्टीनं जोडायचे. दहा रेघा झाल्या. नऊ वर चढल्या, पाचव्या रुग्णाची सपाट राहिली, खाली एकही उतरली नाही. दोन औषधांत काही फरकच नसेल तर रेघ वर जाणं नि खाली जाणं म्हणजे छापा-काटा. नऊ वेळा नाणं उडवून नऊही वेळा एकच बाजू पडायची शक्यता २५६ मध्ये एक. टी नाही, कोष्टक नाही, नुसत्या रेघा बघून कळतं.

मुळात काही माणसांना कुठल्याही औषधानं झोप येते, काहींना कशानंच येत नाही. माणसामाणसांतला हा फरक मोठा आहे. रकाने सुटे धरले की तो सगळा गोंगाट छेदात शिरतो आणि औषधाचा आवाज त्यात बुडतो. जोडीनं वजाबाकी केली की प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडला जातो आणि तो गोंगाट आपोआप गळून पडतो. हिमोग्लोबिनचंही तेच. आठ असलेली बाई नि अकरा असलेली बाई एकाच रांगेत उभ्या असतात.

नवव्या रुग्णाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "हा ४.६ वाला काढला तर निकाल पडेल ना?" फार चांगला प्रश्न. करून बघ म्हटलं. नऊ जणांची सरासरी १.२४ वर उतरली, पण टी वाढून ५.६६ झाला! आपल्याच बाजूचा सगळ्यात मोठा आकडा काढल्यावर पुरावा आणखी भक्कम झाला, कारण त्या एका आकड्यानं सगळा विखुरलेपणा फुगवून ठेवला होता. तरी तो काढायचा नाही. तोही एक माणूस होता, त्यालाही झोप लागली होती.

हे आकडे जगभर पोचवले ते, टी टेस्ट ज्यांच्या निबंधातून आली त्या विल्यम गॉसेट यांनी, १९०८ साली. ते डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होते. स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापायला कंपनीची मुभा नव्हती म्हणून 'स्टुडंट' या नावानं लिहिलं. निबंधात औषधांची नावं चुकली आहेत, पण गणित आजही चालतं. त्या निबंधातली एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. लहान नमुन्यांचं आपलं सूत्र बरोबर आहे का हे पाहायला गॉसेटनी ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून घेतली, ते पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने केले. संगणक नसताना. मुलांना ही चिकाटी दिसावी असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी तिला एका गोष्टीची कल्पना दिली. जोडीची टेस्ट फार तर सांगेल की हिमोग्लोबिन बदललं. लाडवामुळे बदललं हे ती सांगणार नाही. त्या तीन महिन्यांत सुगी आली असेल, घरात पालेभाजी आली असेल, कुणी सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणल्या असतील. लाडू न खाणाऱ्या बायकांचा गट घेतला असता तर दोन्ही गटांतली वाढ एकमेकींशी ताडता आली असती, आणि तिथे मात्र दोन वेगळ्या गटांचीच टेस्ट लागली असती, शक्यतो वेल्च नावाच्या संख्याशास्त्रज्ञाची, कारण दोन्ही गटांतला विखुरलेपणा सारखा असेलच असं नाही. तो गट तिनं घेतलेला नाही. मर्यादांमध्ये हे स्पष्ट लिही म्हटलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

पण आधी जोड्या तर सापडायला हव्यात. सॉर्ट केलेल्या शीटची मूळ प्रत तिच्याकडे उरली नव्हती. गावातल्या आरोग्य-स्वयंसेविका आशाताईंकडे मात्र तपासणीची हाती लिहिलेली वही आहे, हे तिला आठवलं. माझ्यासमोरच तिनं फोन लावला.

सोमवारी ती वही घेऊन आली. पाणी सांडून कडा फुगलेल्या, पण प्रत्येक नावासमोर दोन्ही तारखा आणि दोन्ही आकडे. आम्ही नावांऐवजी अनुक्रमांक घातले. ती वाचत गेली, मी टंकत गेले. "सात. आधी नऊ पूर्णांक दोन." मी आकडा भरून थांबले. "नंतर?" तिनं ओळीवर बोट ठेवलं, नीट पाहिलं, आणि मगच वाचलं.