तपासले, सिग्नल ठीक

गेल्या महिन्यातली एक तक्रार अजून डोक्यातून जात नाही. एका घरात पहाटे टीव्हीचं चित्र फुटायचं, आवाज तुटायचा, तेही काही ठरावीक चॅनेलवरच. नऊच्या सुमारास सगळं आपोआप सुरळीत. दोन महिन्यांत सात वेळा तिथे माणूस गेला आणि सातही वेळा एकच शेरा पडला: ‘तपासले, सिग्नल ठीक’. त्यातल्या दोन शेऱ्यांखाली माझी सही आहे.

केबलच्या धंद्यात तक्रार किती तासांत बंद झाली हे मोजतात. ती पुन्हा आली तर नवी धरतात. मीटर लावायचा, आकडा बरा दिसला की सही घ्यायची. सेटटॉप बॉक्स तीनदा बदलून झाला होता. एका सहकाऱ्याने तर कारण लिहिलं होतं ‘सन आउटेज’. त्याचा मला आजही राग येतो. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आला की त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो, त्याला सन आउटेज म्हणतात. विषुवदिनांच्या आसपास, दिवसाउजेडी, काही मिनिटंच. सूर्य उगवायच्या आधी तो होईलच कसा? आणि हेडएंडची, म्हणजे जिथून गावभर केबल जाते त्या मुख्य केंद्राची, डिशच अडली असती तर गावभरातून फोन आले असते.

आठव्या वेळी मी गेलो तेव्हा आजोबांनी एक वही पुढे केली. तारीख, वेळ, कुठले चॅनेल गेले, कुठले राहिले, सगळं रेघा मारून लिहिलेलं. “तुम्ही येता दुपारी, ते जातं पहाटे. मग मी तुम्हाला दाखवू काय?” आजी आतल्या खोलीत पलंगावर होत्या. कंबरेच्या दुखण्याने तीनलाच त्यांची झोप मोडते. मग उजाडेपर्यंत बारीक आवाजात टीव्ही चालू असतो.

ती वही मी घरी आणली आणि चॅनेलच्या यादीशी ताडून बघितली. डिजिटल केबलवर एका कॅरिअरमध्ये, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरीवर, बरेच चॅनेल एकत्र बसवलेले असतात, त्यामुळे जातात तेव्हा गटाने जातात. गेलेले सगळे चॅनेल सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीच्या कॅरिअरवरचे निघाले. मी उठून बसलो. केबल लांब झाली, जुनी झाली, तर आधी वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात. इथे उलटं होतं. असं तेव्हाच होतं, जेव्हा केबलच्या गाभ्यातली मधली तार कुठेतरी केसभर सुटलेली असते. ती फट कपॅसिटरसारखी वागते: वरच्या फ्रिक्वेन्सी उडी मारून पार होतात, खालच्या अडकतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला शिडी घेऊन खांबावर चढलो. थंडी चांगलीच होती. टॅप म्हणजे मुख्य केबलमधून घरांना जोडणी देणारी डबी. आधीच्या टॅपवर मीटरमध्ये सगळे कॅरिअर सरळ रेषेत, पुढच्या टॅपवर खालच्या फ्रिक्वेन्सीचे तीन क्षीण झालेले. टॅपचं झाकण काढलं. मधली तार दाबून धरणारा स्क्रू सैल होता आणि तार मागे सरकली होती, जेमतेम एक मिलिमीटर. अॅल्युमिनियमच्या आवरणाची ही जाड केबल तीस मीटर असेल आणि तापमान पंधरा अंशांनी उतरलं, तर ती साधारण एक सेंटीमीटर आखडते. तेवढी ढील राहावी म्हणून खांबापाशी केबलला वळसा द्यायचा असतो. इथे तो दिलाच नव्हता. कुणीतरी केबल वाचवली होती. रोज पहाटे तार ओढली जायची, ऊन पडलं की परत टेकायची. ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहावरून सुखरूप आलेला सिग्नल त्या फटीत अडत होता.

नवा कनेक्टर लावला, स्क्रू आवळला, वळसा दिला. चाळीस मिनिटांचं काम.

त्या टॅपच्या पुढे अकरा घरं आहेत. पहाटे टीव्ही लावणारं हे एकच, म्हणून तक्रारही एकच. जुन्या अॅनालॉग काळात आजोबांना निदान पडद्यावर मुंग्या दिसल्या असत्या आणि आम्हालाही दुपारी थोडा दोष सापडला असता. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं आणि ती ओलांडली की एकदम कोसळतं. मीटर दुपारी खोटं बोलत नव्हता, आम्हीच चुकीच्या वेळी विचारत होतो. अमेरिकेतल्या सीएनएन वाहिनीने १ जून १९८० ला चोवीस तास बातम्या सुरू केल्या. त्याआधी रात्री प्रक्षेपण थांबवणं कितीतरी केंद्रांना नेहमीचंच होतं. उपग्रहाने आणि केबलने टीव्हीची रात्र संपवली, रात्री जागणाऱ्यांना सोबत दिली. दुरुस्तीची पाळी मात्र आम्ही अजून दहा ते सहाच ठेवली आहे.

वही परत द्यायला गेलो तेव्हा आजींनी आतून विचारलं, “आता थंडी वाढली तरी जाणार नाही ना?” मी नाही म्हणालो. आजोबांनी वही ठेवून घेतली.

त्या रात्री मी सकाळी आठच्या आत नोंदवलेल्या आणि ‘सिग्नल ठीक’ म्हणून बंद झालेल्या जुन्या तक्रारी वेगळ्या काढल्या. एकोणीस निघाल्या. साहेबांना पहाटेची पाळी मागितली आहे, अजून उत्तर नाही. तोवर ड्यूटीच्या आधी जमेल तसा जातो. चार घरं झाली, दोन ठिकाणी तार मागे सरकलेली सापडली.