रडण्याचा रकाना

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज खालच्या आळीत आशा कार्यकर्ती म्हणून माझी चौदाव्या दिवसाची गृहभेट होती. पहिलटकरीण, वय २१. मुलगी, जन्माचं वजन २ किलो ६००. मी पोचले तेव्हा बाळ पाळण्यात रडत होतं आणि आई हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "बसा ताई. रडू द्या तिला जरा. रडल्याबिगर छाताड मोकळं हुतंय व्हय? सारखं उचललं की हाताची सवय लागती."

मी हात धुऊन वळले तर त्या पोरीच्या ब्लाउजवर दोन ओले डाग पसरत होते. ती जागची हललीसुद्धा नव्हती. रडं कानावर पडलं आणि पान्हा फुटला. ती पदर पुढं ओढून डाग झाकायला लागली, तिचंच काही चुकल्यासारखी.

मी म्हटलं, "मावशी, तिच्या अंगाला कळलंय बाळ काय मागतंय ते. आधी घेऊ दे तिला, वजन मागनं करू."

बाळ अंगावर लागलं. आधी भराभर ओढलं, मग एका लयीत, मधे मधे घोट गिळल्याचा बारीक आवाज. मुठी उघडल्या. डोळे मात्र कोरडेच होते. इतक्या लहान बाळाला अश्रू येत नाहीत, ते पुढं काही आठवड्यांनी येतात. म्हणून "नाटकं करतंय, डोळ्यात पाणी तरी हाय का" असं कुणी म्हणालं की मला फार लागतं.

छाती मोकळी होते हे मी माझ्या दोन्ही बाळंतपणांत ऐकलंय आणि ते कुठून आलं तेही समजतं. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं. जन्मल्यावर पहिले काही श्वास जोर लावून घ्यावे लागतात, तेव्हा ते पाणी हटतं आणि फुप्फुसं फुलतात. पहिलं रडणं त्या श्वासांबरोबर येतं. बाळंतपणाच्या खोलीत त्या एका आवाजासाठी सगळे जीव मुठीत धरून उभे असतात ते उगाच नाही. पण ते काम त्याच दिवशी होऊन जातं. चौदा दिवसांच्या बाळाची फुप्फुसं झोपेतही हलत असतात, त्यासाठी त्याला रडवत ठेवायला नको. मावशींना अडाणी ठरवायचं मात्र कारण नाही. आमच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं होतं की १८९४ साली अमेरिकेतल्या ल्यूथर एमेट होल्ट या नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञांनीसुद्धा तान्ह्या बाळाने रोज १५ ते ३० मिनिटं रडणं काही जास्त नाही, त्यानं फुप्फुसं फुलतात, असंच आयांना सांगितलं होतं.

रडणं कान देऊन ऐकायचं असतं, हे मला स्वतःला शिकवलं ते एका न रडणाऱ्या बाळानं.

पाच वर्षं झाली. थंडीचे दिवस, सातव्या दिवसाची भेट. दारातच सगळे कौतुकानं सांगायला लागले, "लई गुणाचं लेकरू, आवाजच न्हाई त्याचा." तिसऱ्या दिवशी हेच ऐकून मीही खूश होऊन परतले होते, पण तेव्हा ते चांगलं ओढत होतं आणि वजनाला उघडं केल्यावर ओरडलं होतं. सातव्या दिवशी दुपटं सोडलं. हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला. तळपायाला टिचकी मारली. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ वाकडे झाले, रडायचा सगळा चेहरा तयार झाला आणि आवाज आला तो मांजराच्या पिल्लाएवढा. काखेत थर्मामीटर लावला तर पारा ९५ च्या खाली. आई म्हणाली, कालपासून नीट पीत नाही, पण शांत झोपतंय म्हणून उठवलं नाही. त्याला तिच्या उघड्या छातीशी धरलं, वरून घोंगडी गुंडाळली आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावला. जंतुसंसर्ग निघाला. जिल्ह्याच्या नवजात बाळांच्या कक्षात बारा दिवस काढले त्यानं. आता अंगणवाडीत येतो.

आमच्या तपासणीच्या अर्जात "रडणे क्षीण किंवा बंद" असा एक रकाना आहे. त्या दिवसापर्यंत मी तो इतर रकान्यांसारखा भरत होते. हे सगळं काम मुळात गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं तिथल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायकांना तयार केलं. त्या घरोघरी जाऊन बाळ तपासायच्या, वजन करायच्या, लक्षणं टिपायच्या. जिथं हे काम नव्हतं त्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशांच्या हातात तेच काम आलं. "आधी जोरात रडायचं, आता बारीक झालंय" हे आईचं बोलणं तिथं रोगाचं लक्षण म्हणून धरलं गेलं. पण हे सांगायला आधीचं रडणं आईनं कान देऊन ऐकलेलं हवं. ज्या घरात रडण्याकडे कानाडोळा करायची सवय लावली, त्या घरात आवाज बारीक झाला तर तो कुणाच्या ध्यानात यावा?

पोरीनं हळूच विचारलं, "ताई, पाजलं, लंगोट बदलला तरी तिन्हीसांजेला रडतीच. माझं दूध कमी पडतं का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात येतो आणि बायका तो सासूच्या माघारी विचारतात. काटा तिच्यासमोर धरला: २ किलो ७५०. जन्मापेक्षा दीडशे ग्रॅम वर. दूध पुरतंय. मग खरं ते सांगून टाकलं, की हे रडणं अजून वाढणार आहे. अमेरिकेतल्या ब्रेझल्टन नावाच्या डॉक्टरांनी ८० बाळांच्या आयांकडून रोजची नोंद घेतली होती, १९६२ साली ती छापली. दोन आठवड्यांच्या बाळाचं दिवसाचं रडणं साधारण पावणेदोन तास भरलं, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग उतरत गेलं. चांगली धट्टीकट्टी बाळं होती ती. म्हणजे सगळं करूनही काही रडणं उरतंच. त्यात आईचा कमीपणा नाही. फारच डोक्यात गेलं तर बाळ अंथरुणावर उताणं नीट ठेवून पाच मिनिटं अंगणात जा, मावशींना हाक मार, पण रागानं गदागदा हलवायचं नाही. मेंदूत रक्तस्राव होतो. हे मी दोघींकडून म्हणवून घेतलं.

उचलल्यानं बिघडतं म्हणतात, तर कॅनडातल्या माँट्रियलमध्ये १९८६ साली छापलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. रडत नसतानाही बाळाला जास्त वेळ अंगावर घेतलं, तर सहाव्या आठवड्यात रडणं ४३ टक्क्यांनी कमी होतं. हे सांगितलं तेव्हा मावशी भाकरी थापता थापता थांबल्या. म्हणाल्या, "आमची आई पाठीला झोळी बांधून भांगलायला जायची. धाकटा भाऊ दिसभर पाठीवर. न्हाई रडायचा फारसा." आणि मग स्वतःशीच, "आमालाच कुणी उचलू दिलं न्हाई. पाव्हणं बसल्यालं असायचं."

त्यावर मी काही बोलले नाही. काय बोलणार?

दृष्ट काढण्याला माझी हरकत नाही, तेवढा वेळ बाळ कुणाच्या तरी मांडीवर असतं. बाळगुटीची सहाण मात्र फळीवर दिसली. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको हे परत सांगितलं. मावशी हो म्हणाल्या, पण पुढच्या वेळी बघायला हवं.

निघताना बाळ परत कुरकुरलं. पोरीनं सासूकडे पाहिलं. मावशींचे हात पिठाचे होते. त्या म्हणाल्या, "बघतीस काय? घे की."

तिनं घेतलं.

अर्ज आत्ता भरला. रडणं: जोरात. ताप नाही, बेंब कोरडी, ओढतं चांगलं. काट्याची झोळी बाळानं ओली केली होती, ती धुऊन दोरीवर टाकलीय. पुढच्या मंगळवारी एकविसावा दिवस.

खालच्या आळीतून आवाज येतोय. तिचाच असावा, तिकडं दुसरं तान्हं नाही. मोठा आहे. आता तुटत तुटत येतोय.