पॉवर फॅक्टर आणि घरातले बल्ब: माझा अनुभव

एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅट असतात, लुमेन (उजेडाचं माप) असतात, किती हजार तास टिकणार तेही ठळक असतं. पॉवर फॅक्टर (बल्ब ओढतो त्या व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती, याचं प्रमाण; 1 च्या जितकं जवळ तितकं चांगलं) मात्र बऱ्याच खोक्यांवर नसतोच, आणि असला तर कुठेतरी कडेला बारीक अक्षरात.

मला तो हवा होता, कारण नव्या घराचं फिटिंग करणारा वायरमन म्हणाला, "दादा, स्वस्तातले बल्ब नको, पॉवर फॅक्टर पडतो, बिल वाढतं." दुकानदार म्हणाला, "वॅट बघा साहेब, दुसरं काही बघायचं नसतं." सगळ्या खोल्यांचे बल्ब एकदम घ्यायचे होते, त्यामुळे खरं काय ते कळल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत असं ठरवलं.

खोक्यावरच्या कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ होल्डवर ठेवल्यावर एक बाई बोलल्या. "सर, बल्ब 9 वॅटचाच आहे." मी म्हटलं, वॅट कळले, पॉवर फॅक्टर सांगा. "सर, दोन वर्षांची वॉरंटी आहे." टेक्निकल टीम फोन करेल असं सांगून तक्रार क्रमांक दिला. टीमचा फोन आलाच नाही. तक्रार निकाली काढल्याचा मेसेज तेवढा आला. मग ईमेल केला, तर उत्तरात कॅटलॉग, आणि त्यातही तो रकाना नाही. पुन्हा फोन, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा, पुन्हा नवा तक्रार क्रमांक. त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांच्यासमोर माहितीच नसणार. राग कंपनीवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. बल्ब बाजारात आणण्याआधी त्यांनी हा आकडा मोजलेला असतोच. तो गिऱ्हाइकाला सांगायला काय जातं?

शेवटी प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मागवला आणि त्यावर होल्डर जोडून दोन कंपन्यांचे 9 वॅटचे बल्ब लावून पाहिले. पहिल्यावर 230 व्होल्टला 0.07 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.56. दुसऱ्यावर 0.042 अँपिअर, 0.93. वॅट दोन्हीकडे नऊच. आकडे डोळ्यांसमोर आले आणि फार बरं वाटलं.

घरगुती मीटर युनिट मोजतो, म्हणजे वॅट गुणिले तास, भागिले हजार. रोज पाच तास लावला तर महिन्याला दोन्ही बल्ब 1.35 युनिटच खाणार. बिलात फरक शून्य. वायरमनचं म्हणणं कारखान्यांपुरतं खरं आहे आणि तो जास्त करून तिथेच कामं करतो: महावितरण उच्चदाब (कारखान्यांसारख्या मोठ्या) ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे वॅटऐवजी व्होल्ट गुणिले अँपिअर धरून, बिल लावतं, तिथे पॉवर फॅक्टर पडला की खिशाला लागतं.

मग घरात तो बघायचाच नाही का? इन्व्हर्टर असेल तर जरूर बघा. इन्व्हर्टरची क्षमता व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमध्ये असते. पहिल्यासारखे बारा बल्ब सुमारे 193 व्हीए अडवतात, दुसऱ्यासारखे बारा 116. जोडीला पंखे आले की हा फरक जाणवतो. शिवाय जादा करंट वायर आणि ट्रान्सफॉर्मरमधून फिरतोच, त्याचा भार सगळ्यांच्या लाईनवर पडतो. म्हणून मी सगळीकडे 0.9 च्या वरचेच घेतले, थोडे महाग पडले तरी.

एक राहिलं. प्लगमध्ये लावून "वीज वाचवा" म्हणणारे डबे मिळतात, ते घेऊ नका. त्यात बहुतेक नुसता कपॅसिटर असतो. स्वस्तातला एलईडी बल्ब व्होल्टेजच्या लाटेच्या टोकापाशीच झटक्याने करंट ओढतो, त्यामुळे त्याचा पॉवर फॅक्टर कपॅसिटरने सुधारत नाही. आणि सुधारला तरी घरगुती बिल तेवढंच येणार.

बिल कमी करायचं असेल तर लुमेनला वॅटने भागा. 9 वॅटला 900 लुमेन, म्हणजे वॅटमागे 100, एवढं तरी मिळायला हवं. खोक्यावर आयएस 16102 (एलईडी बल्बचं भारतीय मानक) आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा. वॅटमीटरवर मोजणार असाल तर बल्ब दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग आकडा लिहून घ्या. लावल्या लावल्या वॅट थोडे जास्त दिसतात.