शरणपूरहून चिराडझुलूला: आमच्या सेवायात्रेचा माझा अनुभव

जुलै २०२३ मध्ये नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतले सहा जण आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मलावी या देशात सोळा दिवस राहून आलो. ते सोळा दिवस उभे करायला आम्हाला अकरा महिने लागले, आणि त्यांतला निम्मा वेळ नव्या गोष्टी ठरवण्यात नव्हे, तर आधी ठरवलेल्या गोष्टी रद्द करण्यात गेला. अशा यात्रेचा विचार करणाऱ्या इतर मंडळ्या आता मला विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मलावीच का, या प्रश्नाचे उत्तर नाशिकमधल्या आमच्या शरणपुरातच आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात इथे आश्रम होता. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याने आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी १८६५ मध्ये याच आश्रमातले तरुण बरोबर नेले. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला गेलेला जेकब वेनराइट हाही शरणपुरातच शिकलेला होता; १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली आणि शवाबरोबर तो थेट इंग्लंडपर्यंत गेला. ते शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत चुमा होता. त्याला लहानपणी गुलामांच्या तांड्यातून आजच्या दक्षिण मलावीतच सोडवले होते आणि काही काळ तो मुंबईला मिशनच्या शाळेत शिकला होता. ही नावे आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. मात्र जुन्या नात्याचा अभिमान असला म्हणजे तिथल्या लोकांना आपली गरज आहे असे होत नाही, हे आम्हाला पत्रव्यवहार सुरू झाल्यावरच कळले.

आमचा पहिला बेत बारा जणांचा होता. शाळेच्या भिंती रंगवायच्या, जमवलेले कपडे वाटायचे, मुलांसाठी पाच दिवसांची सुट्टीतली शाळा घ्यायची आणि हातपंप दुरुस्त करायला शिकवायचे, असा कार्यक्रम आम्ही चिराडझुलू जिल्ह्यातल्या यजमान मंडळीच्या पाळकांना कळवला. पाळकांना तिथे ‘अबुसा’ म्हणतात. त्यांचे उत्तर अत्यंत सौजन्याचे होते, आणि तरीही वाचताना माझे कान तापले. रंगकाम करणारे लोक गावात आहेत आणि त्यांना मजुरी हवी आहे. जुने कपडे परदेशांतून गठ्ठ्यांनी येऊन ‘कौंजिका’ म्हणून बाजारात विकले जातात, त्यामुळे कृपया आणू नयेत. मुलांची शाळा घ्यावी, पण तीनच दिवस, कारण तेव्हा त्यांची नेहमीची शाळाही चालू असेल. हातपंपाबद्दल त्यांनी एवढेच लिहिले होते की तुमच्या माणसाला आमचा पंप बघायला आवडेल. ‘शिकवायला’ हा आमचा शब्द त्यांनी किती अलगद बदलला, ते माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. बाराचे सहा झाले.

पैशांचा प्रश्न मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत आला. आमच्यातल्या सनदी लेखापालांनी सुरुवातीलाच बजावले की धर्मादाय न्यासाचे उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर आयकरातली सूट साधारणपणे मिळत नाही, म्हणून मंडळीच्या खात्यातून एक रुपयाही काढायचा नाही. प्रत्येकाने आपला खर्च आपण करायचा, असे ठरले. तिकीट, लस, विमा आणि व्हिसा धरून तो माणशी सव्वा लाखाच्या आसपास गेला. त्याच बैठकीत मंडळीतल्या एक वयस्कर आजी उठल्या आणि म्हणाल्या, “सहा जणांचे साडेसात लाख झाले. तेवढ्यात आपल्या सुरगाणा नाहीतर पेठ तालुक्यात पाण्याचं काही झालं नसतं का?” पाळकसाहेबांनी प्रार्थनेने बैठक आटोपती घेतली. आजींना उत्तर कोणीच दिले नाही, आणि देण्यासारखे उत्तर तेव्हा आमच्याजवळ नव्हतेही.

कागदपत्रांत मोठा घोळ झाला नाही, जो झाला तो आमच्याच निष्काळजीपणाने झाला. एका ताईंच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून जेमतेम चार महिने उरली होती, तेव्हा धावपळ करून तत्काळमध्ये नूतनीकरण करावे लागले. व्हिसाच्या अर्जात पर्यटन लिहा, सोपे पडते, असा सल्ला दोघातिघांनी दिला. आम्ही निमंत्रणपत्र जोडून खरा हेतू लिहिला. उशीर झाला, पण विमानतळावर खोटे बोलण्याची वेळ आली नाही. पीतज्वराची लस मात्र आयत्या वेळी घेऊन चालत नाही, कारण तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. आमचा मार्ग इथिओपियातल्या आदिस अबाबावरून होता, म्हणून सगळ्यांनी ती घेतली आणि परतताना मुंबईत ते पिवळे कार्ड दाखवावेही लागले. हिवतापासाठी डॉक्सिसायक्लिन जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करून परत आल्यावर चार आठवडे घ्यायची होती. ती रिकाम्या पोटी घेऊ नये, हे मी आदिस अबाबाच्या विमानतळावर स्वतःवरच प्रयोग करून शिकलो.

ब्लँटायर हे शहर लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाच्या नावाने वसलेले आहे. तिथे १८९१ मध्ये पूर्ण झालेले सेंट मायकल चर्च पाहिले. वास्तुशास्त्राचे शिक्षण नसलेल्या एका मिशनऱ्याने ते स्थानिक कामगारांच्या हातून तिथल्याच विटांनी बांधून घेतले. दुसरी आठवण चिराडझुलूची आहे. तिथले बाप्टिस्ट पाळक जॉन चिलेंब्वे यांनी १९१५ मध्ये मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध आणि वसाहतीच्या राजवटीविरुद्ध उठाव केला. सरकारने त्यांचे चर्च स्फोटकांनी उडवून दिले. आज चिलेंब्वे यांची प्रतिमा देशाच्या चलनी नोटांवर आहे. अबुसांनी आम्हाला या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच आवाजात सांगितल्या.

चार महिन्यांपूर्वीच, मार्च २०२३ मध्ये, फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत सहाशेहून अधिक बळी घेतले होते. ब्लँटायरच्या चिलोब्वे भागात डोंगरउतारावरची घरे चिखलाखाली गेली होती आणि तो तांबडा ओरखडा रस्त्यावरून दिसत होता. आदल्या वर्षापासून कॉलराची साथही चालू होती, म्हणून ज्या गावात आम्ही राहिलो तिथे हातपंप हा विषय सोयीचा नव्हता, जीवनमरणाचा होता.

आमच्यात पंचायत समितीतून निवृत्त झालेले हातपंप यांत्रिक होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. तीस वर्षे त्यांनी इंडिया मार्क टू, म्हणजे आपल्याकडे गावोगावी दिसणारे हातपंप, उपसले. या पंपाचे पूर्वज जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या विहिरींच्या कामातून घडले, हे काका फार अभिमानाने सांगतात, आणि मलावीत ते सांगायचे म्हणून त्यांनी इंग्रजी वाक्ये पाठ केली होती. गावातला पंप आफ्रिडेव्ह नावाच्या वेगळ्या बनावटीचा होता. तो बंद पडला होता, आणि पाणी-समितीच्या चार बायका कमरेला चितेंजे, म्हणजे तिथले छापील कापड, गुंडाळून आधीच तिथे उभ्या होत्या. काकांनी तिपाई कुठे आहे, पाइप ओढायला माणसे किती, असे विचारले. दुभाष्याने भाषांतर केल्यावर त्या हसल्या. एकीने एकच पाना काढला, झाकण उघडले, दांडा मोकळा केला, आणि उभे पाइप जागचे न हलवता त्यांच्या आतूनच दट्ट्या वर ओढून काढला. मग गळ असलेले एक हत्यार खाली सोडून तळाची झडपही त्याच वाटेने वर आणली. झिजलेले सील बदलले, बेअरिंग तपासले, पुन्हा जोडले. दुपारच्या जेवणाआधी पाणी आले. आपल्याकडे मार्क टूसाठी लोखंडी पाइपांची आख्खी रांग उचलावी लागते, गाडी लागते, चार माणसे लागतात आणि त्यांची वाट पाहण्यात महिने जातात. गावानेच चालवायचा आणि गावानेच दुरुस्त करायचा, या हेतूनेच आफ्रिडेव्ह घडवलेला आहे, आणि त्याचा आधीचा अवतार मलावीतच जन्मला होता. काकांनी पाठ केलेले एकही वाक्य उच्चारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाना चालवणाऱ्या त्या बाईंकडून शिकत सगळा पंप स्वतःच्या हाताने खोलला, वहीत आकृत्या काढल्या आणि तिला ‘अमाई’ म्हणून, म्हणजे आई म्हणून, हाक मारू लागले. ती वयाने त्यांच्या मुलीएवढी होती.

बाकीच्यांचे काम थोडक्यात सांगतो. आमच्या परिचारिका ताईंना तिथली नोंदणी नसल्याने रुग्ण तपासता येत नव्हते, आणि तसे कोणी करूही नये. त्या गावच्या सरकारी आरोग्यसेवकांबरोबर घरोघरी फिरल्या आणि पाण्याच्या बादलीत क्लोरीन मोजून टाकण्याची त्यांची पद्धत पाहून आल्या. मुलांची तीन दिवसांची शाळा छान झाली. मुले आमच्यापेक्षा चांगले गात होती. रोज न्सिमा असे, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट हाटलेला गोळा, हात धुवायला पाणी देऊन मगच वाढलेला. हाताने मोडून कालवणाला लावून खाताना आमच्यापैकी कोणालाच परके वाटले नाही, कारण उकडीची सवय सगळ्यांना होती.

परतल्यावर कमिटीपुढे अहवाल वाचला. मी तयार केलेल्या छायाचित्रांपेक्षा काकांनी खिशातून काढलेले झिजलेले सील जास्त हातांतून फिरले. आजींनी ते तळहातावर घेतले, उजेडाकडे धरले आणि किंमत विचारली. काकांनी सांगितली. पुढच्या महिन्याच्या बैठकीला आजी आल्या त्या वहीच्या पानावर पेठ तालुक्यातल्या तीन बंद हातपंपांची गावे लिहून घेऊन, आणि पान त्यांनी थेट काकांच्या हातात दिले.