डावा हात

तिचं हिमोग्लोबिन १७.२ होतं. आमच्याकडे द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बायकांचं ९-१० भरलं तरी आम्ही समाधान मानतो. तो रिपोर्ट माझ्या हातात होता आणि ‘चला, रक्त तरी चांगलं आहे’ एवढं मनाशी म्हणून मी पान उलटलं. ते पान मला अजून आठवतं.

वय ३६, तासगावकडची, दोन लेकरांची आई. चार दिवस डोकं ठणकत होतं, अंगात ताप होता. पाचव्या दिवशी बागेतच आकडी आली. सीटी केला तर मेंदूत पूची गाठ. न्यूरोसर्जननी कवटीला छिद्र पाडून पू काढला. त्यात तोंडात राहणारे जंतू निघाले. महिन्यापूर्वी तिची दाढ काढली होती. मग त्यांचा मला फोन आला. “मॅडम, दाढेतले जंतू मेंदूत पोचले कसे, ते तुम्ही शोधा. हिचा ऑक्सिजनही ९१ च्या वर जात नाहीये. मास्क लावला तरी फार तर ९३.”

प्रश्न अगदी रास्त होता. दाढ काढताना थोडे जंतू रक्तात जातातच, तुमच्या-माझ्याही. पण शिरांमधलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं आणि तिथल्या बारीक केशवाहिन्यांत गाळलं जातं. ही गाळणी चुकवून रक्त थेट डावीकडे जात असेल, तर ऑक्सिजनही कमी भरतो, ती उणीव भरून काढायला शरीर हिमोग्लोबिन वाढवतं, आणि जंतूंनाही मेंदूपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. म्हणजे हिच्यात कुठेतरी चोरवाट होती.

मी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. पडदे शाबूत, झडपा उत्तम. मग बुडबुड्यांची तपासणी. १० मिलीच्या दोन सिरिंज थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या तोटीला, जोडायच्या, त्यात सलाइन, किंचित हवा आणि पेशंटचंच थोडं रक्त घ्यायचं, आणि या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये झपाझप ढकलत राहायचं. काही सेकंदांत पाणी फेसाळतं. ते शिरेतून सोडलं की हृदयाचा उजवा कप्पा मशीनच्या पडद्यावर पांढराशुभ्र होतो. बुडबुडे फुप्फुसात अडकून विरतात, डावीकडे दिसता कामा नयेत. हिच्या डावीकडे एकही दिसला नाही. फुप्फुसांचा सीटीही स्वच्छ. मी रिपोर्टवर ‘शंट नाही’, म्हणजे चोरवाट नाही, असं लिहून सही केली.

सही केली खरी, पण मन मानेना. संध्याकाळी परत जाऊन तिची बोटं पाहिली. नखं फुगीर, पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. ऑक्सिजन वर्षानुवर्षं कमी असला की नखं अशी होतात. तिची आई शेजारी बसली होती. म्हणाली, “ल्हानपणापासनं अशीच हायती वो नखं. मातीतलं काम हाय न्हवं.” ३६ वर्षं ती नखं कुणीच नीट पाहिली नव्हती, आणि पहिल्या दिवशी मीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, उजवा हात सुजला, म्हणून सलाइन डाव्या हाताला घेतलंय.”

मी जागच्या जागी थांबले. डावा हात! एको करताना पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात. डावा हात उशाशी जातो, मोकळा राहतो तो उजवा. त्यामुळे आम्ही सुई उजव्या हाताला लावतो. इतकी वर्षं लावत आलो. दोन दिवसांपूर्वीही मी तेच केलं होतं.

पोटातल्या बाळाला सुरुवातीला वरच्या अंगाचं रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा असतात, एक उजवी, एक डावी. डावी पुढे विरून जाते, हृदयामागे तिची एक दोरी तेवढी उरते. जॉन मार्शल या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८५० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. हजारात तीन ते पाच माणसांत ही डावी शीर विरत नाही. त्यांतही बहुतेकांत ती मागून वळसा घालून उजव्या कप्प्यातच उघडते आणि माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. फार थोड्यांत ती थेट डाव्या कप्प्यात उघडते. उजव्या हातातून सोडलेले बुडबुडे तिच्या वाटेला जातच नाहीत.

आधी ते सलाइन बंद करायला लावलं आणि नळीत हवा नाही ना, हे स्वतः पाहिलं. अशा माणसाच्या डाव्या हातातून गेलेली हवेची गुठळी मेंदूत जाऊ शकते. मग मशीन खाटेशी आणलं आणि फेसाळलेलं सलाइन अगदी थोडं, डाव्या हातातून सोडलं.

डावा कप्पा भरला. उजवा काळाच होता.

सिस्टर माझ्या खांद्यावरून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “मॅडम, हे उलटं झालं.”

खाटेवर ‘डाव्या हाताला सलाइन नको’ अशी पाटी लावली. जुन्या रिपोर्टवर मी दुरुस्ती लिहिली, खाली तारीख घातली आणि न्यूरोसर्जनना फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. सीटीत शीर स्पष्ट दिसली. डाव्या वरच्या फुप्फुसशिरेच्या अगदी शेजारी ती डाव्या कप्प्यात शिरत होती. सुदैव एवढं की डाव्या आणि उजव्या शिरेला जोडणारी आडवी शीरही चांगली रुंद होती. ती नसती, तर डावीकडची वाट बंद केल्यावर हाताचं नि डोक्याचं रक्त तुंबलं असतं, मोठं ऑपरेशन करावं लागलं असतं.

सहा आठवडे अँटिबायोटिक्स झाल्यावर तिला मोठ्या केंद्रात पाठवलं. तिथे आधी फुग्याने शीर तात्पुरती बंद करून पाहिली. दाब वाढला नाही, तेव्हा मांडीतून नेलेल्या नळीवाटे तिथे प्लग बसवला. टेबलावरच ऑक्सिजन ९७ झाला.

आता आमच्याकडे ऑक्सिजन कमी का, याचं उत्तर मिळत नसेल तर दोन्ही हातांनी तपासणी करतो. वेळ वाढतो, पेशंटला दुसरी सुई सोसावी लागते. तरी करतो.

चार महिन्यांनी ती दाखवायला आली. आकडी परत आली नव्हती, कामावर जात होती. रक्ताचा रिपोर्ट पुढे करताना तिचा चेहरा उतरला होता. “मॅडम, माझं रक्त की वो कमी झालं. सतरा होतं, तेरावर आलं.”

मी तिचा डावा हात हातात घेतला आणि समजावून सांगायला बसले.