आधी डोंगर, मग शहर : आई-बाबांसह कोलकाता-दार्जिलिंगची आखणी

बाबांना आयुष्यात एकदा कांचनजंगा डोळ्यांनी पाहायचे होते आणि आईला कोलकात्याजवळचे दक्षिणेश्वरचे कालीमंदिर व बेलूर मठ करायचा होता. दोन्ही इच्छा एकाच वाटेवरच्या असल्यामुळे २०२५ च्या दिवाळीनंतर कोलकाता आणि दार्जिलिंग अशी एकच सहल करायची, असे आम्ही ठरवले. जाणार होतो आम्ही चौघे : आई, बाबा, माझे पती आणि मी. आईचे वय ६८, बाबांचे ७३. प्रवासी कंपन्यांचे कार्यक्रम मी आधी पाहिले. परंतु त्यांतल्या एकात दार्जिलिंगबरोबर गंगटोक आणि पेलिंगही कोंबलेले होते आणि कोलकात्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस आला होता. आईचे गुडघे पाहता रोज सकाळी बॅगा भरणे तिला झेपणारे नव्हते, म्हणून आखणी मी स्वतःच करायला घेतली.

बाबांनी नोव्हेंबरचे कालनिर्णयचे पान काढून जेवणाच्या टेबलावर पसरले आणि आम्ही पेन्सिलीने चौकोन भरू लागलो. पहिल्या आखणीत मी कोलकाता आधी आणि दार्जिलिंग नंतर ठेवले होते, कारण गाडी आधी कोलकात्यालाच पोहोचते. दार्जिलिंगहून रात्रीच्या गाडीने सकाळी कोलकात्याच्या सियालदह स्थानकावर उतरायचे आणि त्याच दुपारी हावडा या दुसऱ्या स्थानकावरून गीतांजली एक्स्प्रेसने नाशिकला निघायचे, असा शेवट होता. कागदावर ते अगदी नीट बसत होते. बाबांनी मात्र शेवटच्या दोन चौकोनांवर बोट ठेवून विचारले, "डोंगरातला रस्ता चार तास बंद पडला तर?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. रस्ता अडला की रात्रीची गाडी चुकणार, ती चुकली की परतीची गाडीही जाणार, आणि आयत्या वेळी चार जणांची तिकिटे मिळवायला धावाधाव होणार. सर्वांत बेभरवशाचा टप्पा मी नेमका परतीच्या गाडीला चिकटवून ठेवला होता.

म्हणून सगळा क्रम उलटा केला. ८ नोव्हेंबरला नाशिकरोडहून गीतांजलीने निघायचे, ९ ला दुपारी हावड्याला उतरायचे, शहरात न थांबता त्याच रात्री सियालदहहून दार्जिलिंग मेल धरायची आणि १० ला सकाळी डोंगराच्या पायथ्याकडच्या न्यू जलपाईगुडी स्थानकावर पोहोचून मोटारीने वर दार्जिलिंगला जायचे. दार्जिलिंगला चार रात्री राहायचे, त्यांतला १३ तारखेचा दिवस पूर्ण मोकळा सोडायचा, आणि १४ ला रात्री परत निघून शेवटचे तीन दिवस कोलकात्यात काढायचे. डोंगरात काही बिनसले तर तो तोटा शहराच्या दिवसांतून भरून निघेल आणि परतीच्या तिकिटाला धक्का लागणार नाही. कोलकात्यातला एक दिवस कमी झाला असता तरी आईचे दक्षिणेश्वर हुकले नसते.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे ८ नोव्हेंबरच्या तिकिटाची तारीख ९ सप्टेंबर आली. अनंत चतुर्दशी होऊन तीनच दिवस झाले होते आणि पितृपक्ष सुरू होता. आई थोडी कचरली. पण तिकीट काढणे म्हणजे काही मंगलकार्य नव्हे, असे म्हणून बाबांनी तिची समजूत घातली. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा जो राखीव कोटा असतो, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागू होतो. चौघांचे एकत्र तिकीट काढले असते तर तो हक्कच गेला असता. म्हणून आई-बाबांचे तिकीट त्या कोट्यातून वेगळे काढले आणि आमचे वेगळे. आमचा डबा शेजारचा आला, पण दोघांनाही खालचा बर्थ मिळाला आणि माझी मोठी काळजी मिटली.

हावडा ते सियालदह हा दुसरा सांधा होता. सामान आणि दोन ज्येष्ठ माणसे घेऊन पूल ओलांडून बडाबाजारच्या गर्दीतून टॅक्सीने जायचे, या कल्पनेनेच मला धास्ती वाटत होती. सुदैवाने २२ ऑगस्ट २०२५ ला एस्प्लनेड ते सियालदह हा मेट्रोचा राहिलेला टप्पा सुरू झाला होता आणि आता हुगळीच्या पात्राखालून जाणारी मेट्रो हावड्याहून सियालदहला बारा मिनिटांच्या आत पोहोचवते. हावड्याचे मेट्रो स्थानक जमिनीखाली फार खोल आहे, पण तेथे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. हातात आठ-नऊ तास होते, तरी मी त्या वेळात एकही स्थळ घातले नाही. तो वेळ गाडीच्या उशिरासाठी राखलेला होता.

दार्जिलिंगच्या मुक्कामाने मला सर्वांत जास्त शिकवले. हे गाव सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, डोंगराच्या उतारावर वसलेले आहे आणि ‘चौरस्ता’ या तिथल्या मुख्य चौकात वाहने जात नाहीत. एका ठिकाणी मी आगाऊ रक्कम भरली होती. चौरस्ता पाच मिनिटांवर आहे, असे त्यांनी सांगितले होते. नंतर फोनवर मी सरळ विचारले, "गाडी दारापर्यंत येते का, आणि पायऱ्या किती?" पलीकडून "थोडासा चढ आहे" एवढेच उत्तर आले. मी वाटेचे चित्रीकरण मागवले, तेव्हा अरुंद, रेलिंग नसलेल्या पायऱ्या दिसल्या. बासष्टपर्यंत मोजून मी थांबले. भरलेली रक्कम परत मिळाली नाही, याचे वाईट वाटले. पण त्या पायऱ्या आईला दिवसातून दोनदा चढायला लावणे शक्यच नव्हते. पुढच्या प्रत्येक ठिकाणी मी खोलीची छायाचित्रे नंतर आणि वाटेचे चित्रीकरण आधी मागितले. शेवटी गाडीरस्त्याला लागून असलेले एक घरगुती निवासस्थान मिळाले.

४ ऑक्टोबरच्या रात्री दार्जिलिंगच्या डोंगरांत अतिवृष्टी झाली. मिरिक परिसरात दरडी कोसळल्या, दुधियाचा पूल तुटला, माणसे दगावली. त्या बातम्या पाहताना आपल्या सहलीचा विचार करणेही मला चुकीचे वाटत होते. दोन दिवसांनी मी निवासाच्या मालकीणबाईंना फोन केला, तो आधी त्यांची विचारपूस करण्यासाठी. त्या म्हणाल्या, "इतक्यात रद्द करू नका. येथे पुष्कळ घरे पर्यटकांवरच चालतात. रस्त्यांचे मी कळवत राहीन." गाडी सुटण्याच्या ४८ तास आधीपर्यंत वातानुकूलित तृतीय श्रेणीचे पक्के तिकीट रद्द केले, तर माणशी १८० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच कापले जात. म्हणजे निर्णय ५ नोव्हेंबरपर्यंत थांबवता येत होता. आम्ही थांबलो. बाई दर चार दिवसांनी कोणता रस्ता चालू आहे ते कळवत होत्या, आणि ५ तारखेच्या संध्याकाळी आम्ही जायचे पक्के केले.

प्रत्यक्ष प्रवास आखणीप्रमाणेच पार पडला. सूर्योदय पाहायला टायगर हिलला पहाटे चारला निघण्याचा बेत मी बाबांच्या रक्तदाबामुळे आधीच वगळला होता. ११ तारखेला सूर्योदयाच्या वेळी चौरस्त्यामागच्या फिरण्याच्या वाटेवरून कांचनजंगा दिसले. बाबांनी कानटोपी काढून हातात धरली आणि बराच वेळ कोणीच बोलले नाही. १२ ला जवळच्या घूम स्थानकापर्यंत जाऊन येणारी दोन तासांची डोंगरातल्या छोट्या रेल्वेगाडीची फेरी केली. १८८१ मध्ये सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी दुकानांच्या इतकी जवळून जाते की आईने खिडकीतला हात आपसूक आत घेतला.

कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियल आणि भारतीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, म्हणून ती दोन्ही शनिवार-रविवारी पाहिली आणि १७ तारखेचा सोमवार आईसाठी ठेवला. बेलूर मठ दुपारी बंद असतो. त्यामुळे सकाळी दक्षिणेश्वर, दुपारी विश्रांती आणि मग होडीने हुगळी ओलांडून संध्याकाळच्या आरतीला बेलूर, असा क्रम लावला. होडीत आई दोन्ही काठांकडे आळीपाळीने पाहत होती.

नाशिकला परतल्यावर बाबांनी कालनिर्णयचे ते पान पुन्हा टेबलावर घेतले. १३ तारखेचा चौकोन तेवढा कोरा होता. त्या दिवशी ते दोघे सकाळी दहापासून चौरस्त्यावरच्या बाकावर बसून होते. बाबांनी पेन्सिलीने त्यात लिहिले : "बाक, ऊन, दोन चहा."