दोन थरांचा एकच फुगवटा

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रयोगशाळेत एका रुग्णालयाची इमारत आणि तिचा पाया यांच्यामध्ये बसवायच्या भूकंपरोधक बेअरिंगची नमुना-चाचणी होती. ३०० मिलिमीटर व्यासाच्या प्रत्येक बेअरिंगमध्ये ५ मिलिमीटर जाडीचे रबराचे २० थर, दर दोन थरांमध्ये पातळ पोलादी पत्रा आणि मध्यभागी शिशाचा दंडगोल होता. पत्रे रबराला वजनाखाली बाहेर पसरू देत नाहीत, म्हणून बेअरिंग उभ्या भाराला ताठ राहते आणि आडव्या धक्क्याला मऊ. शिसे भूकंपाची ऊर्जा उष्णतेत जिरवते आणि नेहमीच्या तापमानालाच आपली स्फटिकरचना पुन्हा सावरून घेते. हा गुण मला आजही विलक्षण वाटतो.

दोन बेअरिंग एकावर एक ठेवून, वरून ६० टन भार देऊन, मधला जाड पाट आम्ही दोन्ही बाजूंना १०० मिलिमीटर, म्हणजे रबराच्या एकूण जाडीइतका, सरकवला. पडद्यावर बल आणि सरकण्याच्या आलेखाचा पहिला वळसा कोऱ्या रबराच्या स्वभावानुसार थोडा ताठ आला, पुढचे जवळजवळ एकमेकांवर बसले. ताठरतेतला फरक अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांच्या आत होता. कारखान्याचे प्रतिनिधी सहीसाठी थांबले होते.

यंत्र चालवणारे काका पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात त्यांचे घर पडले, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. ते म्हणाले, "साहेब, भार उतरवू नका. इथं बोट लावून बघा."

भाराखाली बेअरिंगच्या कडेवर प्रत्येक थराची बारीक, सारखी वळी उठते. खालच्या बेअरिंगच्या एका बाजूला मात्र दोन वळ्यांची मिळून एकच मोठी वळी झाली होती. तिथला पत्रा रबराला धरून नव्हता. आकडे संपूर्ण बेअरिंगचे एकत्रित वर्तन सांगतात आणि कडेचा एवढासा सुटलेला सांधा त्यात बुडून जातो, हे मी प्रतिनिधींना सांगितले. बेअरिंग कापायला ते बऱ्याच वेळाने, फोनवर बोलून मगच, राजी झाले.

पाण्याची धार सोडत करवतीने तुकडे केले आणि थर पकडीने ओढून पाहिले. जोड पक्का असेल तर रबर फाटते, पत्र्यापासून सुटत नाही. बाकीचे थर फाटले. त्या एका पत्र्यावरून मात्र रबर तळहातभर रुंदीत सालीसारखे निघाले आणि खाली तांबूस गंजाचा पातळ थर दिसला. कारखान्याच्या नोंदी पाहिल्या, तर छर्रे मारून स्वच्छ केलेले पत्रे प्रायमर (रबर चिकटण्यासाठीचा पहिला लेप) न लावता रात्रभर तसेच पडून राहिले होते, तेही साताऱ्याच्या भरपावसातल्या दमट हवेत.

मी "नापास" लिहिले. भुजचे रुग्णालय २००१ मध्ये कोसळले आणि नंतर अशाच बेअरिंगवर पुन्हा उभे राहिले, हे त्या वेळी माझ्या मनात होते. त्या खेपेतील सर्व बेअरिंग रद्द झाले. नवे हिवाळ्यात आले, तेव्हा कापण्यासाठी एक जादा नग कारखान्याने आपणहून पाठवला होता. काकांनी तो स्वतः ओढून पाहिला. रबर मधोमध फाटले आणि पत्र्याच्या दोन्ही अंगांना काळे चिकटून राहिले.